मुख्यालय दूर असले म्हणजे संस्था दुबळी होते काय?

शहापूर-मुरबाडच्या अनुषंगाने सेवाभावी संस्थांचे नेतृत्व आणि देखरेख यांविषयी थोडेसे

उपवासकाळातील त्यागाची दानपेटी, एखाद्या कुटुंबाने वाढदिवसाच्या किंवा पुण्यस्मरणाच्या निमित्ताने दिलेली देणगी, युवक संघटनेने गोळा केलेली वह्या-पुस्तके, महिला मंडळाने पाठविलेले धान्य अशा अनेक वाटांनी आपल्या धर्मग्रामांतील मदत ग्रामीण ठाणे जिल्ह्यातील आदिवासी पाड्यांपर्यंत पोहोचत असते. आपल्यापैकी काहीजण तेथे काम करणाऱ्या संस्थांचे विश्वस्त आहेत, काही हितचिंतक आहेत, तर काही केवळ देणगीदार आहेत. अशा संस्थांविषयी बोलणे निघाले म्हणजे दोन परस्परविरोधी मते हमखास ऐकू येतात. एक मत असे की, "संस्थेचे मुख्य कार्यालय एवढ्या आडगावी कशासाठी? तेथे लक्ष कोण ठेवणार?" दुसरे मत असे की, "मुंबईत पंख्याखाली बसून पाड्यावरच्या माणसाची सेवा कशी होणार?"

दोन्ही मतांत तथ्यांश आहे आणि दोन्ही मते अपुरी आहेत. मुख्यालयाचे ठिकाण ही केवळ सोयीची बाब नाही. निर्णय कोण घेतो, पैशाचा हिशेब कोण पाहतो आणि काही वावगे घडल्यास ते कोणाच्या कानावर जाते, या तिन्ही गोष्टी त्या ठिकाणाशी निगडित असतात. म्हणून या प्रश्नाचा शांतपणे विचार करणे आम्हांला अगत्याचे वाटते.

अंतर एक नव्हे, तीन

'संस्थेचे मुख्यालय दूर आहे' असे आपण म्हणतो तेव्हा कोणापासून दूर, हे सांगावयास हवे. पहिले अंतर असते कार्यालय आणि कार्यक्षेत्र यांमधले. दुसरे असते कार्यालय आणि विश्वस्त मंडळ यांमधले. तिसरे अंतर असते संस्था आणि तिच्यावर कायद्याने नजर ठेवणारी यंत्रणा, म्हणजे धर्मादाय कार्यालय, आयकर विभाग, बँक व लेखापरीक्षक यांमधले. मुरबाड तालुक्यातील टोकावड्यास कार्यालय असलेली संस्था लाभार्थ्यांच्या दृष्टीने अगदी जवळ असते. तिचे विश्वस्त वांद्रे, वसई किंवा डोंबिवली येथे राहात असतील तर त्यांच्या दृष्टीने तीच संस्था फार दूर असते. कार्यालय मुंबईस हलविले की पहिले अंतर वाढते आणि उरलेली दोन कमी होतात. तिन्ही अंतरे एकाच वेळी नाहीशी करणारे ठिकाण नकाशावर सापडत नाही.

या तिन्ही अंतरांचा परिणाम सारखा नसतो. पहिल्याचा परिणाम प्रामुख्याने नेतृत्वावर होतो, तर दुसऱ्या आणि तिसऱ्याचा देखरेखीवर. नेतृत्व म्हणजे काय करावयाचे हे ओळखणे आणि लोकांना बरोबर घेऊन ते करणे. देखरेख म्हणजे जे केले ते खरोखर झाले का, योग्य रीतीने झाले का, हे कामाच्या बाहेरच्या माणसाने तपासणे. या दोन गोष्टींची गल्लत केल्यामुळेच वरील वाद कधी मिटत नाही.

शहापूर-मुरबाडचे वास्तव

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला. वसई, पालघर, डहाणू, तलासरी, वाडा, विक्रमगड, जव्हार आणि मोखाडा हे आठ तालुके नव्या जिल्ह्यात गेले. ठाणे जिल्ह्यात राहिलेल्या तालुक्यांपैकी शहापूर व मुरबाड यांचे स्वरूप आजही मुख्यत्वे ग्रामीण आहे. कातकरी, ठाकर, महादेव कोळी आणि वारली समाजांची वस्ती येथे डोंगरपायथ्याच्या पाड्यांतून विखुरलेली आहे.

शहापूर तालुक्याला मध्य रेल्वेचा आधार आहे. आसनगाव, आटगाव, खर्डी ही स्थानके याच तालुक्यात असून कसाऱ्यापर्यंत लोकल जाते. परंतु स्थानकापासून डोळखांब किंवा किन्हवलीच्या पलीकडचा पाडा गाठावयाचा तर एस.टी., जीप आणि शेवटी पायवाट असा क्रम ठरलेला. मुरबाडला तर रेल्वेच नाही. कल्याणला उतरून सुमारे ३० किलोमीटर रस्त्याने मुरबाड गाठावे, तेथून सरळगाव, धसई किंवा माळशेज घाटाच्या दिशेने टोकावडे, असा प्रवास करावा लागतो. वसईच्या विश्वस्ताने सकाळी निघून एक सभा करून परत यावयाचे म्हटले तर त्याचा संपूर्ण दिवस खर्ची पडतो.

दूर बसून निर्णय घेतल्याने काय होते याचे एक उदाहरण या भूमीच्या अंगाखांद्यावरच आहे. तानसा धरण १८९२ मध्ये पूर्ण झाले. पुढे भातसा धरण झाले आणि मुंबईच्या पाणीपुरवठ्याचा सर्वांत मोठा वाटा ते उचलू लागले. ही दोन्ही धरणे शहापूर तालुक्यात आहेत, आणि उन्हाळा आला की याच तालुक्यातील कित्येक पाडे टँकरची वाट पाहतात. पाणी जेथे साठते तेथे निर्णय होत नाहीत आणि निर्णय जेथे होतात तेथे तहान दिसत नाही. सेवाभावी संस्थांनी हे ध्यानात ठेवलेले बरे.

शासनालाही हे अंतर जाणवलेले आहे. आदिवासी विकास विभागाचे एकात्मिक प्रकल्प कार्यालय ठाणे शहरात न ठेवता शहापूर येथे ठेवण्यात आले आहे. जिल्हा विभाजनाची मागणी कित्येक वर्षे होत राहिली, तिच्या मुळाशीही हेच कारण होते. मोखाड्याच्या माणसाला एका दाखल्यासाठी ठाण्यापर्यंत यावे लागे. मात्र विभाजनाच्या वेळी मुख्यालय जव्हारला असावे की पालघरला, असा वाद झालाच. जव्हार आदिवासी भागाच्या मध्यभागी, तर पालघर रेल्वेच्या वाटेवर. शेवटी पालघर निश्चित झाले. लाभार्थ्यांशी जवळीक आणि दळणवळणाची सोय यांतील ओढाताण शासनालाही चुकली नाही, मग छोट्या संस्थांना ती कशी चुकावी?

जवळ राहिल्याने नेतृत्वाला काय लाभते

आडगावी राहिल्याने नेतृत्व खुंटते, असा समज आहे. जुन्या ठाणे जिल्ह्याचा इतिहास मात्र वेगळे सांगतो. ताराबाई मोडक दादरला 'शिशुविहार' चालवीत होत्या. शहरात त्यांना मान होता, काम होते, माणसे होती. १९४५ मध्ये, वयाची पन्नाशी ओलांडल्यावर, त्यांनी बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. पुढे १९५० च्या दशकात हे कार्य डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर गेले. मुले शाळेत येत नाहीत असे दिसल्यावर शाळाच पाड्याच्या अंगणात नेण्यात आली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी गुरे चरतात त्या कुरणावर 'कुरणशाळा' भरू लागली. मूल शाळेत का येत नाही, याचे उत्तर दादरच्या कार्यालयातील हजेरीपटावरून मिळाले नसते. सकाळी कोणते मूल कोणत्या वाटेने गुरे घेऊन जाते, हे पाहणारालाच ते सुचू शकते. अंगणवाडीची जी कल्पना येथे आकाराला आली, त्याच नावाने २ ऑक्टोबर १९७५ पासून एकात्मिक बालविकास सेवा योजनेची केंद्रे देशभर ओळखली जाऊ लागली.

आणखी एक गोष्ट येथे ध्यानात घेण्याजोगी आहे. ताराबाई १९७३ मध्ये निवर्तल्या, तरी कोसबाडचे काम थांबले नाही. जवळजवळ तीन दशके बरोबर राहून काम केलेल्या अनुताईंनी ते १९९२ पर्यंत, म्हणजे स्वतःच्या अखेरपर्यंत पुढे नेले. उत्तराधिकारी जाहिरात देऊन मिळत नाही, तो सहवासातून घडतो. मुख्यालय कार्यक्षेत्रात असण्याचा हा मोठा लाभ आहे.

गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९८६ पासून 'सर्च' संस्थेमार्फत केलेले कार्य सर्वश्रुत आहे. खेड्यातील स्त्रियांना प्रशिक्षण देऊन त्यांनी ३९ गावांत नवजात बाळांची घरोघरी काळजी घेण्याचा प्रयोग केला. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूंचे प्रमाण तुलनेच्या गावांपेक्षा सुमारे ६२ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. हे निष्कर्ष १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. मुख्यालय देशाच्या कोपऱ्यात असतानाही संस्थेने आपले आकडे जगभरच्या तज्ज्ञांपुढे तपासणीसाठी ठेवले, हे येथे विशेष महत्त्वाचे. नेतृत्व गावात राहिले आणि परीक्षक बाहेरचे राहिले.

खुद्द मुरबाडमध्ये श्रमिक मुक्ती संघटना आदिवासींच्या जमीन व वनहक्कांसाठी अनेक वर्षे कार्यरत आहे. काळू नदीवरील धरणाचे काम वनखात्याची आवश्यक मंजुरी नसताना सुरू झाल्याचे तेथील लोकांनी पाहिले, प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि २०१२ मध्ये कामास स्थगिती मिळाली. वसई तालुक्यात उसगाव येथे केंद्र ठेवणाऱ्या विधायक संसदेला वीटभट्टीवरील मुलांसाठी 'भोंगा शाळा' सुचली, तीही त्या मुलांच्या जवळ राहिल्यामुळेच. तेव्हा मुख्यालय आडगावी असल्याने नेतृत्व दुबळे होते, हे म्हणणे आमच्या मते टिकत नाही.

दूर राहिल्याने देखरेखीतून काय निसटते

नाण्याची दुसरी बाजू मात्र क्लेशदायक आहे. २०१० मध्ये ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागातील कवडास येथील मतिमंद मुलांच्या बालगृहातून कुपोषणाने झालेले मृत्यू आणि लैंगिक अत्याचार यांचे वृत्त बाहेर आले. वृत्तपत्रातील बातमीची मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि त्यातून राज्यभरातील अशा बालगृहांच्या पाहणीला चालना मिळाली. ज्या मुलांना स्वतःचे दुःख शब्दांत सांगता येत नाही, त्यांच्यापर्यंत सर्वांत आधी पोहोचावयास हवे होते ते व्यवस्थापन आणि तपासणी अधिकारी. प्रत्यक्षात वाचा फोडली ती बातमीने. देखरेखीचा प्रश्न केवळ रुपया-पैशाचा नाही, तो कधी कधी जिवाचा असतो, हे या घटनेने दाखवून दिले.

दूरच्या ठिकाणी देखरेख कशी निसटते, हे समजून घेणे उपयुक्त आहे. ती एका दिवसात निसटत नाही. प्रवास दगदगीचा म्हणून विश्वस्तांची एक सभा रद्द होते. पुढच्या सभेला गणपूर्ती होत नाही, तेव्हा इतिवृत्ताची वही घरोघरी फिरवून सह्या घेतल्या जातात. बँकेत जाण्याची अडचण नको म्हणून दुसरा सहीदार कोऱ्या धनादेशांवर आधीच सह्या करून ठेवतो. लेखापरीक्षक कल्याणच्या कार्यालयात बसून पावत्यांची फाईल तपासतो, भांडारातील तांदळाची पोती मोजावयास तो कधी जात नाही. यात कोणाचाही वाईट हेतू असेलच असे नाही. परंतु कालांतराने रोजकीर्द, धनादेश, किल्ल्या आणि मुले अशा सर्व गोष्टी एकाच माणसाच्या हाती येतात. तो माणूस साधुवृत्तीचा असेल तर संस्था तरून जाते, नसेल तर कळेपर्यंत फार उशीर झालेला असतो. अशी व्यवस्था त्या साधुवृत्तीच्या माणसालाही अन्यायकारक ठरते, कारण उद्या कोणी खोटा आळ घेतला तर आपण निर्दोष आहोत हे दाखविण्यास त्याच्याजवळ साक्षीदार नसतो.

दुसरी अडचण कर्मचाऱ्यांची आहे. शहरात नोकरी सोडली तर दुसरी मिळते. पाड्यावरील सेविकेला त्या परिसरात दुसरे काम नसते. प्रमुखाविरुद्ध तक्रार करावयाची तर ती कोणाकडे? विश्वस्तांची नावे तिला ठाऊक नसतात आणि त्यांचे दूरध्वनी क्रमांक प्रमुखाच्याच टेबलावर असतात.

तिसरी गोष्ट ऋतूची आहे. आपल्या भेटी बहुधा नाताळनंतरच्या थंडीत होतात. मुले स्वागतगीत म्हणतात, पाहुण्यांना जेवण दिले जाते, छायाचित्रे निघतात. परंतु भातकापणी व दिवाळी आटोपली की कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर स्थलांतर करतात, ती पावसाच्या तोंडावर परततात. म्हणजे ज्यांच्यासाठी संस्था उभी आहे त्यांतील सर्वांत गरीब कुटुंबे आपल्या भेटीच्या वेळी गावात नसतातच. जुलै-ऑगस्टमध्ये घरातील धान्य संपत आलेले असते, आजार वाढलेले असतात आणि ओढे भरलेले असतात. संस्थेची खरी कसोटी तेव्हा लागते, आणि नेमके त्याच वेळी तेथे कोणी फिरकत नाही.

मग मुख्यालय शहरात आणावे काय?

हा उपाय सोपा दिसतो, पण त्याने प्रश्न सुटत नाही. ब्रिटनमधील ऑक्सफॅम या विख्यात संस्थेचे उदाहरण बोलके आहे. तिचे कार्यालय ऑक्सफर्डला, देखरेखीच्या सर्व यंत्रणा हाताशी. तरीही भूकंपग्रस्त हैती देशात तिच्या काही कर्मचाऱ्यांनी २०११ च्या सुमारास केलेले गैरवर्तन २०१८ मध्ये जगापुढे आले आणि २०१९ मध्ये तेथील धर्मादाय आयोगाने संस्थेला अधिकृत ताकीद दिली. मुख्यालय राजरस्त्यावर असल्याने दूरच्या कार्यक्षेत्रावर आपोआप प्रकाश पडत नाही.

उलट काही आंतरराष्ट्रीय संस्थांनी मुख्यालय कार्यक्षेत्राच्या दिशेने नेले आहे. ॲक्शनएडने २००४ च्या सुमारास आपले आंतरराष्ट्रीय मुख्यालय दक्षिण आफ्रिकेतील जोहान्सबर्ग येथे नेले. ऑक्सफॅमच्या आंतरराष्ट्रीय महासंघानेही पुढे केनियातील नैरोबीची निवड केली. गरिबांविषयीचे निर्णय श्रीमंत देशांतच का व्हावेत, हा त्यांच्यापुढील प्रश्न होता. आपल्याकडे 'बाएफ'ने उलट वाट धरली. मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये उरुळी कांचन या खेड्यात स्थापन केलेली ही संस्था अनेक राज्यांत पसरली आणि तिचे मुख्यालय पुण्याजवळ वारजे येथे आले. काम अनेक ठिकाणी विखुरले तर मुख्यालय दळणवळणाच्या मध्यावर असणे योग्य. काम एकाच तालुक्यात असेल तर मुख्यालय त्या तालुक्याबाहेर नेण्याचे कारण क्वचितच सबळ असते.

मधला मार्गही आहे, आणि अनेक संस्था तो अनुसरतात. नोंदणीकृत कार्यालय शहरात, प्रत्यक्ष कार्यालय तालुक्यात. त्यात एकच धोका असतो. शहरातले कार्यालय पत्रव्यवहारापुरते उरते आणि तेथील लोकांना तालुक्यात काय चालले आहे ते अहवालावरूनच कळते. कागद दोन ठिकाणी आणि जबाबदारी कोठेच नाही, अशी स्थिती होऊ नये.

ख्रिस्तसभेचा जुना अनुभव

दूरच्या अधिकाऱ्याचा प्रश्न ख्रिस्तसभेला नवा नाही. सोळाव्या शतकात युरोपातील अनेक बिशप आपल्या धर्मप्रांतात राहातच नसत. मिलान धर्मप्रांतात सुमारे ८० वर्षे आर्चबिशपांचे वास्तव्यच नव्हते. ट्रेंटच्या विश्वपरिषदेने (१५४५ ते १५६३) बिशपांनी आपल्या धर्मप्रांतात राहिलेच पाहिजे असा दंडक घातला. संत चार्ल्स बोरोमियो १५६५ मध्ये रोम सोडून मिलानला राहावयास गेले आणि डोंगरदऱ्यांतील धर्मग्रामांनाही त्यांनी स्वतः भेटी दिल्या.

या अनुभवातून दोन नियम रूढ झाले आणि ते आजच्या कॅनन लॉमध्येही आहेत. एक, अधिकाऱ्याने आपल्या लोकांत वास्तव्य करावे. दोन, वास्तव्यावर न थांबता ठरलेल्या काळात तपासणीची भेट व्हावी. बिशपांनी दर पाच वर्षांत संपूर्ण धर्मप्रांताला भेट द्यावी, असे कलम ३९६ सांगते. प्रत्येक धर्मग्रामात आर्थिक समिती असावी, असे कलम ५३७ मध्ये आहे, तर श्रद्धावंतांनी दिलेल्या दानाचा हिशेब श्रद्धावंतांना द्यावा, असे कलम १२८७ बजावते. वास्तव्य हे नेतृत्वासाठी आणि भेट व हिशेब हे देखरेखीसाठी. दोहोंपैकी एकाने दुसऱ्याची जागा भरून निघत नाही, हेच त्यातले मर्म.

कायदा काय सांगतो

महाराष्ट्रातील सार्वजनिक न्यासांना १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा लागू आहे. न्यासाची नोंदणी ज्या विभागात आहे तेथील धर्मादाय कार्यालयात त्याचे दप्तर असते. ठाणे जिल्ह्यासाठी हे कार्यालय ठाण्यास आहे. विश्वस्त बदलला, पत्ता बदलला किंवा मालमत्तेत भर पडली तर ९० दिवसांच्या आत बदल अर्ज द्यावा लागतो. हे काम रेंगाळते तेव्हा कायद्याच्या दृष्टीने खरे विश्वस्त कोण, हेच अस्पष्ट होते. पुढे वाद उद्भवला की वर्षानुवर्षे संस्था जायबंदी होऊन पडते. मुरबाडहून ठाण्यास एका अर्जासाठी खेपा घालणे त्रासाचे आहे हे खरे, पण ही खेप चुकविण्याची किंमत फार मोठी असते.

परदेशी देणगी घेणाऱ्या संस्थांसाठी नियम अधिक कडक झाले आहेत. २०२० च्या दुरुस्तीनंतर अशी देणगी प्रथम नवी दिल्ली येथील स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतील खात्यातच घ्यावी लागते, ती दुसऱ्या संस्थेस वळती करता येत नाही आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. शहरातल्या मोठ्या संस्थेने परदेशी निधी मिळवून तो तालुक्यातील छोट्या संस्थेस द्यावयाचा, ही जुनी वाट त्यामुळे बंद झाली. मुलांची निवासी व्यवस्था असेल तर २०१२ चा बाललैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायदा आणि २०१५ चा बालन्याय कायदा यांची जबाबदारी वेगळी आहे. 'आम्ही दूर आहोत' ही सबब यांपैकी कोणताही कायदा ऐकून घेत नाही.

अंतर कसे सांधावे

आमच्या मते पुढील उपाय कोणत्याही छोट्या संस्थेस परवडण्याजोगे आहेत.

१. वर्षातील निदान दोन विश्वस्त सभा कार्यक्षेत्रातच व्हाव्यात आणि त्यांपैकी एक पावसाळ्यात व्हावी. उरलेल्या सभा दूरदृश्य पद्धतीने घेण्यास हरकत नाही, मात्र संस्थेच्या घटनेत तशी तरतूद करून घ्यावी.

२. विश्वस्त मंडळात तालुक्यातील निदान दोन व्यक्ती असाव्यात. त्यांपैकी एक स्त्री आणि एक आदिवासी समाजातील असेल तर उत्तम. मात्र त्या संस्थाप्रमुखाच्या नात्यातल्या किंवा त्याच्या पगारावरच्या नसाव्यात.

३. कोऱ्या धनादेशावर सही कदापि करू नये. आता बँक व्यवहार दूरध्वनीवरूनही होतात. एकाने व्यवहार नोंदवावा आणि दुसऱ्याने गावाबाहेरून तो मंजूर करावा, ही सोय बँका देतात. मुरबाड तालुक्यातील धसई हे गाव डिसेंबर २०१६ मध्ये राज्यातील पहिले रोकडविरहित गाव म्हणून गाजले होते. रोख व्यवहार एका घोषणेने संपत नाहीत हे खरे, परंतु संस्थेचे मोठे व्यवहार बँकेतूनच व्हावेत हा आग्रह आज मुळीच अवाजवी नाही.

४. एका विश्वस्ताने पूर्वसूचना न देता वर्षातून एकदा भेट द्यावी, साठा नोंदवही आणि प्रत्यक्ष साठा ताडून पाहावा आणि प्रमुखाच्या गैरहजेरीत कर्मचाऱ्यांशी, मुलांशी व पालकांशी बोलावे.

५. संस्थेच्या भिंतीवर, सर्वांना दिसेल अशा जागी, मुलांनाही कळेल अशा मराठीत, तक्रार कोणाकडे करावी त्या विश्वस्ताचे नाव व क्रमांक लिहावा. बालसाहाय्य क्रमांक १०९८ तेथेच असावा.

६. वार्षिक हिशेब गावात वाचून दाखवावा. राजस्थानातील मजदूर किसान शक्ती संघटनेने डिसेंबर १९९४ मध्ये पाली जिल्ह्यातील कोट किराना येथे पहिली जनसुनवाई घेतली. सरकारी कामांच्या हजेरीपटातील नावे लोकांसमोर मोठ्याने वाचताच कोणाचे नाव खोटे आहे हे अक्षरओळख नसलेल्या मजुरांनीही तत्काळ सांगितले. या प्रयत्नांतूनच पुढे माहितीच्या अधिकाराची चळवळ बळावली आणि २००५ मध्ये केंद्रीय कायदा झाला. दूरच्या गावात सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जागरूक लेखापरीक्षक गावकरीच असतात. त्यांना फक्त कागद वाचून दाखवावा लागतो.

या सहाव्या उपायाकडे आम्ही विशेष लक्ष वेधू इच्छितो. देखरेख म्हणजे शहराने खेड्यावर ठेवावयाची नजर, अशी आपली समजूत असते. ती खालूनही होऊ शकते. ज्याच्या नावावर तीन ब्लँकेटे वाटल्याची नोंद आहे, त्याला एकच मिळाले असेल तर ते त्याच्याइतके कोणाला ठाऊक असणार? मुख्यालय आडगावी असण्याचा हा असा लाभ आहे की जो शहरातील कार्यालयाला कधीच मिळत नाही. पण पुष्कळ संस्था तो घेतच नाहीत. त्या गावकऱ्यांना लाभार्थी मानतात, साक्षीदार मानत नाहीत.

दात्यांचे कर्तव्य

देणगी दिली की आपले काम संपले, असे समजणे योग्य नव्हे. धर्मग्रामाच्या वतीने एखाद्या संस्थेला मदत करण्यापूर्वी काही साधे प्रश्न विचारावेत. विश्वस्त कोण आहेत आणि त्यांची नावे धर्मादाय कार्यालयात नोंदलेली आहेत काय? मागील वर्षाचा लेखापरीक्षण अहवाल पाहावयास मिळेल काय? विश्वस्त मंडळाची शेवटची सभा केव्हा आणि कोठे झाली? प्रमुख आजारी पडल्यास काम कोण पाहील? मुले राहात असतील तर रात्री तेथे कोण असते? हे प्रश्न विचारणे म्हणजे अविश्वास दाखविणे नव्हे. जी संस्था प्रामाणिक आहे तिला त्यांचा राग येत नाही, उलट आपल्या कामात कोणी लक्ष घालीत आहे याचे समाधान वाटते. डोंगरपायथ्याशी एकाकी काम करणाऱ्या धर्मभगिनींना, धर्मगुरूंना वा प्रापंचिक कार्यकर्त्यांना नाताळच्या फराळाइतकीच या आस्थेची गरज असते.

त्याचबरोबर दात्यांनी एक पथ्य पाळावे. प्रवासखर्च, लेखापरीक्षकाचे शुल्क, हिशेबनिसाचा पगार यांना 'वायफळ खर्च' म्हणू नये. आमचा पैसा थेट मुलांच्या ताटातच पडावा, असा आग्रह धरणारा दाता नकळत देखरेखीचाच खर्च कापत असतो. किन्हवलीच्या पुढील पाड्यावर हिशेब तपासावयास जाणाऱ्या माणसाचे जीपभाडेही त्या मुलांच्याच सुरक्षिततेवर खर्च होत असते.

सारांश असा की, मुख्यालय दूर असल्याने नेतृत्वाची हानी होत नाही, उलट लोकांमध्ये राहून ते घडते व कसदार होते. देखरेख मात्र दूरच्या ठिकाणी आपोआप होत नाही. ती ठरवून, खर्च करून आणि पायपीट करून करावी लागते. संस्था शहापूर-मुरबाडमध्ये आहे याची काळजी आपण करू नये. येत्या पावसाळ्यात आपल्यापैकी कोण तेथे जाणार आहे, हे मात्र प्रत्येक विश्वस्त मंडळाने आणि मदत करणाऱ्या प्रत्येक धर्मग्रामाने आताच ठरवावे, अशी आमची विनंती आहे.